पेठेतल्या चौकशीबाई

कुणी रस्ता विचारला की बाई बोट दाखवत नसत. खुर्चीवरून उठायच्या, पायांत चपला सरकवायच्या आणि विचारणाऱ्याच्या पुढं चालू लागायच्या. "चला, मी तिकडंच निघाले होते," असं वर म्हणायच्या. त्या कुठंही निघालेल्या नसत हे मला पक्कं ठाऊक होतं, कारण त्या परत येईपर्यंत माहिती केंद्र मला एकटीला सांभाळावं लागे.

मी मुलुंडची. शिक्षण संपल्यावर पहिली नोकरी लागली ती थेट देशावरच्या एका जुन्या बाजारपेठेच्या गावात. वेशीलगत पूर्वीच्या जकात नाक्याची दोन खोल्यांची दगडी इमारत होती. तिथंच पर्यटकांसाठी माहिती केंद्र उघडलं होतं. भिंतीवर गावाचा नकाशा, एक टेबल, कोपऱ्यात पाण्याचा माठ आणि आम्ही दोघी. बाई तिथल्याच, गावच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. निम्म्या गावाला त्यांनी बाराखडी गिरवायला लावली होती. केंद्रात बसायला लागल्यापासून गावानं त्यांना चौकशीबाई करून टाकलं, आणि ते नाव त्यांनाही मनापासून आवडलं.

एकदा घाटकोपरचं एक वयस्कर जोडपं आलं, ते नेमकं मंगळवारी. आठवडी बाजार सोमवारचा. आदल्या दिवशी गजबजलेल्या पेठेत आता भाजीचा पाला आणि दोन गाई. त्या आजी एवढुसं तोंड करून म्हणाल्या, "एवढ्या लांबून आलो आणि बाजारच नाही!" बाई लगेच उठल्या. "बाजार आहे की. आज तो आपापल्या घरी बसलाय, एवढंच." मग त्यांना घेऊन त्या कुंभारणीच्या अंगणात गेल्या, घोंगड्या विणणाऱ्याच्या मागाजवळ गेल्या, मिरचीवालीच्या ओसरीवर बसल्या. दुपार टळल्यावर तिघं परतली, तेव्हा आजींच्या कडेवर मडकं होतं आणि शिंका काही केल्या थांबत नव्हत्या. निघताना त्यांनी बाईंना मिठीच मारली. "पुन्हा या," बाई म्हणाल्या, "पण सोमवारी नका येऊ. गर्दी फार असते."

पेठेच्या मागं बारव होती. पायऱ्यापायऱ्यांनी खोल उतरत जाणारी, कमानींची, गावाच्या अभिमानाची विहीर. बाई तिथं पाहुण्यांना घेऊन जात. कमानीवरची कमळं दाखवत, पाण्यावर पडलेला आवाज कसा फिरून येतो ते ऐकवत. आणि शेवटी काठावरच्या कडुनिंबाकडं वळून त्याच आवाजात सांगत, "माझी आजी इथं घागर घेऊन बसायची. आम्हाला पायरीवर पाऊल ठेवायची मुभा नव्हती. कुणाच्या मनात आलं तर वरून ओतायचे. नाही आलं तर रिकामी घागर घेऊन घरी." आवाज चढायचा नाही, डोळ्यांत पाणी यायचं नाही. एवढं सांगून त्या "जपून या हं, शेवाळ आहे," म्हणत पाहुण्यांना वर आणायच्या.

कुणीतरी त्यांचं ते बोलणं मोबाइलवर टिपलं आणि ते गावभर फिरलं. गावाबाहेरही गेलं. मग केंद्राची देखरेख करणाऱ्या समितीची माणसं एका सकाळी येऊन बसली. त्यांच्यात सगळ्यांत वडीलधारे होते नाना. पेठेत त्यांची धान्याची आडत, आणि बारवेला लागून त्यांचंच घर. खुर्च्या कमी पडल्या म्हणून मी आणि बाई उभ्या होतो.

"बाई, तुमची माहिती उत्तम असते," एक जण म्हणाला. "पण ते शेवटचं तेवढं वगळा. गावाची बदनामी होते."

"मी बदनामी कुठं करते? कमानीचं सांगते, तसं आजीचं सांगते. दोन्ही त्याच बारवेचं आहे ना?"

"असं काही घडल्याचं आमच्या तरी ऐकण्यात नाही," दुसरा म्हणाला.

बाई नानांकडं वळल्या. "नाना, तुम्ही तर तिथंच लहानाचे मोठे झालात. तुम्ही सांगा."

नानांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "जुन्या गोष्टी आहेत, बाई. आता कुणाला आठवतात!"

मी म्हणाले, "पण त्या खोटं कशाला सांगतील?" त्यावर मला ऐकवण्यात आलं की मी मुंबईची आहे, मला गावचं काय कळणार. पुन्हा पुन्हा तीच विनंती झाली. तेवढं एक वाक्य सोडा, बाकी सगळं तुमचंच आहे. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "ते वाक्य सोडलं, तर या गावात मीच पाहुणी झाले."

पुढच्या आठवड्यात त्यांना निरोप आला की आता यायची गरज नाही. बाईंनी माठ घासून भरून ठेवला, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि पेठेतून चालत गेल्या. शिकवलेली पोरं आता दुकानांच्या गल्ल्यांवर बसलेली. काही जण उठून उभे राहिले. अडवलं कुणीच नाही. माझंही मन तिथं फार दिवस लागलं नाही. नोकरी सोडून परत आले. पुढं लग्न होऊन नाहूरला आले.

बाईंना त्यांच्या मुलीनं, सुषमानं, वाकोल्याला आणलं. ती नर्स आहे. बोलायला रोखठोक, मनानं मऊ. मी सुट्टीच्या दिवशी त्यांच्याकडं जायचे. खिडकीशी बसलेल्या बाई पहिल्यापेक्षा लहान दिसायच्या. "इथं सगळ्यांना सगळं ठाऊक असतं गं," एकदा म्हणाल्या. "कुणाला काही विचारायचंच नसतं." तरी त्यांनी वाट काढली. संध्याकाळी सोसायटीच्या फाटकाशी खुर्ची टाकून बसायच्या. पार्सल घेऊन आलेला एखादा मुलगा विंग शोधत गोंधळला की बाई उठल्याच. सुषमा वैतागायची. "आई, तुझं हार्ट वीक आहे ना? नुसतं सांग ना त्याला, लेफ्ट मार म्हणून!" बाई हसायच्या. "अगं, सांगून माणूस पोचत नाही."

गावाला एकदा जाऊन येऊ, मी सोबत येते, असं मी कितीदा तरी म्हटलं. बाईंचा चेहरा क्षणभर उजळायचा. मग म्हणायच्या, "जाऊ ना. पण कुणीतरी बोलवू दे गं." बोलावणं काही आलं नाही.

शेवटी हॉस्पिटलात होत्या, तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या पेशंटच्या मुलीनं सहज विचारलं, एक्स-रे कुठं काढतात? बाईंनी नाकातली ऑक्सिजनची नळी बाजूला केली आणि पाय खाली सोडले. सुषमानं त्यांना अक्षरशः दामटून झोपवलं आणि स्वतः त्या मुलीसोबत गेली. बाई माझा हात धरून पडून राहिल्या. दार उघडलं की तिकडं बघायच्या. दोन दिवसांनी गेल्या.

सुषमाच्या घरी पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला सोसायटीतली बरीच माणसं आली होती. गावाहून त्यांचे दोन विद्यार्थी आले. बुद्धवंदना झाली, चार जण बोलले, लोक पांगले. आम्ही सतरंज्या गुंडाळत होतो तेव्हा दारात धोतर-टोपीतला एक म्हातारा काठी टेकून उभा दिसला. नाना होते. एकटेच आले होते. किती थकले होते! मी त्यांना आत घेतलं, बसवलं. त्यांनी बाईंच्या फोटोला हात जोडले.

मग सुषमाला म्हणाले, "पोरी, तुझ्या आईचं खरं होतं. मी लहानपणी डोळ्यांनी पाहिलंय. तुझी पणजी कडुनिंबाखाली बसलेली असायची. आमच्या आजोबांनी आमच्या गड्याला ताकीद दिली होती, आम्ही सांगितल्याशिवाय ओतायचं नाही म्हणून. दुपार व्हायची. ती बसूनच असायची."

सुषमा हातातली सतरंजी तशीच धरून उभी होती. "मग तेव्हा का नाही बोललात?"

"सगळे बसले होते ना."

"आणि आज कोणी नाही म्हणून सांगताय."

नानांनी होकारार्थी मान हलवली. सुषमा म्हणाली, "मला नका सांगू, काका. मला माहीतच होतं. गावात सांगा."

ते काठीच्या आधारानं उठले. "बघतो," म्हणाले. मी त्यांना खाली रिक्षापर्यंत सोडून आले. त्यांनी गावात सांगितलं की नाही, मला अजून कळलेलं नाही.

वर आले तेव्हा सुषमा दाराशेजारी भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती. आईला हॉस्पिटलातून आणलं, तेव्हाही ती रडली नव्हती. सगळ्यांना चहा देत, फोन घेत फिरत होती. आता मात्र तिला आवरेना. मी शेजारी बसले. डोळे पुसत ती म्हणाली, "आईला एवढंच ऐकायचं होतं गं. त्यांच्याच तोंडून. एवढंच."