देवाजीचं पथ्य

"म्हणजे पाहुने मटन खातीन आन तुमी त्याइच्यासमोर वरनभात चिवडत बसान?" गिरजाबाईने मसाल्याचा डबा ओट्यावर आपटला. "उद्या अतुलची सोयरीक ठरवाले लोक येऊन राह्यले, का आजारी मानसाले भेटाले?"

"माह्या ताटात काय हाय ते कोन पाह्यते," देवाजी म्हणाला.

"सारेच पाह्यतात. घरच्या मालकानं घास घेतल्याबिगर पाहुना ताटाले हात लावत नाई. तुमी रस्सा नाई घेतला तं त्याइले वाटन, पोरगी पसंत नाई."

देवाजीने तांब्या उचलला, वरून धार धरून घटाघटा प्याला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेनाने एक रेघ मारली. सकाळपासूनची ती सातवी.

तीस वर्षं एसटी चालवणाऱ्या माणसाला पाणी प्यायची सवय राहत नाही. राजुऱ्याहून जिवतीकडे चढणारा रस्ता, दोन्ही अंगांनी जंगल, मागे भरलेली गाडी; मध्येच उतरणार कुठे? म्हणून देवाजी ड्युटीवर नुसतं घसा ओला करण्यापुरतं प्यायचा. डबा मात्र घरचा, न चुकता. जिवतीला बाकीचे ड्रायव्हर-कंडक्टर हॉटेलात शिरत, आणि हा बसच्या पायरीवर फडकं सोडून बसे. "वहिनीनं हाटेलात न खायाची शपथ घातली काय गा?" असं मुखरू कंडक्टर अकरा वर्षं विचारत होता आणि अकरा वर्षं त्याच डब्यातली अर्धी भाजी खात होता.

त्या मुखरूची मुलगी दुर्गा आता चंद्रपूरला दवाखान्यात होती. तिच्या रक्तात कसलासा बिघाड झाला होता. दर दोन-तीन दिवसांनी तिचा प्लाझ्मा, म्हणजे रक्तातलं पिवळं पाणी, मशीनने काढून दुसऱ्यांचा भरावा लागे, आणि देणारे पुरत नव्हते. देवाजीचा गट एबी. दर चौदा एप्रिलच्या शिबिरात तो रक्त देई, पण त्या गटाचं रक्त एबीवाल्यालाच चालतं, म्हणून "आपलं रक्त फ्रीजमधीच म्हातारं होते," असं म्हणून स्वतःच हसे. प्लाझ्माचं उलटं असतं, एबीचा कोणालाही चालतो, हे रक्तपेढीत कळलं तेव्हापासून त्याचे पाय जमिनीवर नव्हते.

गेल्या गुरुवारी तो चंद्रपूरला गेला आणि दुपारीच परत आला. "मशीन बंद होती. मंगळवारी बलावलं," एवढंच म्हणाला. त्या दिवसापासून पाण्याच्या रेघा सुरू झाल्या. नऊच्या ठोक्याला झोप. पालक, उकडलेलं अंडं, लाखोळीच्या डाळीचं वरण. आणि तळलेलं, तर्रीचं काही नको.

गिरजाबाईला आग लागली होती ती या शेवटच्या गोष्टीची. रक्त द्यायला जाणाऱ्याच्या अंगात आधी रक्त तर पाहिजे, म्हणून दर शिबिराच्या आदल्या दिवशी ती बकऱ्याचे पाय आणून पाया शिजवायची. त्याही बुधवारी चार तास शिजवला, वर तेलाचा तवंग बोटभर. गुरुवारी सकाळी गरम सांबारवड्या, म्हणजे कोथिंबिरीच्या वड्या, तळून दिल्या, त्या पाचच्या पाच खाऊन माणूस घराबाहेर पडला. आणि आता त्याच हातचं नको?

"माह्या हाताले काय झालं ते तरी सांगा."

"काई नाई झालं."

"मंग काऊन?"

"डॉक्टरनं सांगतलं."

"डॉक्टरनं मशीन बंद हाय म्हनून सांगतलं, का माही भाजी बंद म्हनून?"

रिना कोपऱ्यात लसूण सोलत होती. ती नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला, आज रविवारची घरी आलेली. गुरुवारी बापाबरोबर रक्तपेढीत तीच होती.

"बाबा, सांगून टाका आता."

"तू लसून सोल."

"मशीन चालूच होती, आई," रिना म्हणाली. "आधी नळीभर रक्त घेऊन बारक्या मशीनीत फिरवून पाह्यतात. वरचं पानी पिवळं, स्वच्छ दिसाले पायजे. बाबाचं तांदळाच्या धुवनावानी निघालं, पांढरं. चरबी होती सारी. तसा प्लाझ्मा कोनाले देता येत नाई."

गिरजाबाईचा हात ओट्यावरच राहिला.

"तिथला मानूस लय बोलला बाबाले. काल काय खाल्लं होतं काका, म्हने. तं बाबा म्हनतात, हाटेलात खाल्लं. मटन आन भजे. चुकलं माहं." रिनाने सोललेल्या पाकळ्या वाटीत टाकल्या. "मुखरूकाका बाजूलेच उभे होते. ते नुसते बाबाच्या तोंडाकडं पाह्यत राह्यले."

"आन दुर्गाले?"

"दुसऱ्याचा भेटला. पन सकाळचं काम संध्याकाळी झालं. तोवर काका जिन्यात बसून होते."

देवाजी खिडकीबाहेर बघत होता. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं; शेजाऱ्यांची गाडी होती.

"हाटेलात खाल्लं म्हनून सांगतलं तुमी?" गिरजाबाईने विचारलं. आवाज खाली आला होता.

"मंग काय सांगू? चार लोकाइत बायकोच्या हाताचं नाव काढू?"

"आन मंगळवारी पुन्हा तसंच निघालं असतं तं?"

"म्हनूनच तं नाई म्हनून राह्यलो. सांगतलं असतं तं तू रडली असती."

"मी कायले रडू," ती म्हणाली, आणि पदराने नाक पुसलं.

तेवढ्यात अतुल फोन कानाला लावूनच आत आला. फोनवर हात ठेवून म्हणाला, "आई, नऊ जन येऊन राह्यले उद्या. मटनवाल्याले तीन किलो सांगू का साडेतीन?"

गिरजाबाईने मसाल्याचा डबा उचलून वरच्या फळीवर ठेवला.

"काई सांगू नको. उद्या मटन नाई. वरन, भात, पालक आन ताक. पाहुन्याइले तेच, तुह्या बापाले तेच."

"आई, लोक काय म्हनतीन? सोयरीक हाय."

"त्याइले आजच फोन करून सांग. मंगळवारी बाबाले दुर्गासाठी प्लाझ्मा द्याचा हाय, आन मांगच्या खेपेले तो माह्या स्वयंपाकानं नासला, असंच सांग. त्याइले चालत नसन तं बुधवारी या म्हना."