टिंबं दिलेली ओळ

अण्णा आधी चष्मा कपाळावर चढवायचे आणि मग विचारायचे, "व्हय, पण पैसा येनार कुठून?"

या प्रश्नातून कुणीही सुटलं नाही. माझ्या पोराच्या लग्नात बँड ठरवताना मला विचारला, देवळाला नवा कळस बसवणाऱ्या मंडळींनाही विचारला. लोक त्यांना चुकवून पलीकडच्या गल्लीनं जायचे. मी कुठं जाणार? माझ्या छापखान्यातली पंख्याखालची खुर्ची त्यांनी कधीचीच बळकावली होती.

असा एखादा तुमच्याही गावात असेल. आमचे अण्णा नगरपालिकेतून लेखापाल म्हणून निवृत्त झालेले. पालिकेचा पैसा कुठून येतो नि कुठं जिरतो, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यामुळं गेल्या निवडणुकीत नगराध्यक्षपदाचे तिन्ही उमेदवार एकामागून एक त्यांच्या दारात. "अण्णा, जाहीरनाम्यातलं खर्चाचं पान तेवढं तुमी लिहा."

आता सरळ नाही म्हणावं ना माणसानं! पण अण्णांचा मुलगा अपघातात गेलेला. सून पालिकेत पाणीपट्टीच्या खिडकीवर कंत्राटी नोकरीला, घर तिच्याच पगारावर चाललेलं.

"एकाला न्हाई म्हनलं आन् तोच निवडून आला तर?" ते मला म्हणाले. "पोरीची नोकरी गेलीच म्हना." म्हणून त्यांनी तिघांनाही हो म्हटलं.

तिघांच्या अटी सारख्याच. पाणी रोज द्यायचं आणि घरपट्टी एका रुपयानंही वाढवायची नाही. अण्णा आठ दिवस खुर्चीत बसून कागद खरडत होते. मी म्हटलं, "द्या काहीतरी ठोकून. जाहीरनामा वाचतो कोण?" असे भडकले, की चहा तसाच टाकून घरी गेले.

शेवटी तिघांना त्यांनी एकच पान दिलं. त्यात एक ओळ होती: 'कंत्राटी नेमणुका बंद करून वाचलेला पैसा पाण्यावर खर्च करू.' उमेदवारांना ती फारच आवडली. कंत्राटी माणसांची मतं अशी ती किती!

जाहीरनामे माझ्याकडंच छापायला आले. मी त्या पानाचं प्रूफ अण्णांपुढं ठेवलं आणि राहवेना म्हणून बोललोच. "अण्णा, सूनबाई कंत्राटीच ना हो?"

त्यांनी लाल पेन काढलं आणि ओळ सरळ खोडली. मला हायसं वाटलं. पण ते उठेनात. पानावरच्या आकड्यांवरून बोट वरून खाली फिरवलं, पुन्हा फिरवलं. मग खोडलेल्या ओळीखाली एकेक टिंब देत गेले. आमच्या धंद्यात त्याचा अर्थ एकच, खोडणं रद्द, ओळ छापायचीच.

"अहो, काय करताय हे!"

"ती वळ काढली तर पान्याला पैसा येनार कुठून?" त्यांचा आवाज रडवेला झाला होता. "खोटं पान न्हाई लिहिलं कधी मी. आता या वयात लिहू?" प्रूफ घडी करून त्यांनी कोटाच्या खिशात घातलं.

तिघांतला एक निवडून आला. कुठला, यानं काय फरक पडतो? दुसऱ्याच महिन्यात त्यानं जाहीरनाम्यातली तेवढी एकच गोष्ट करून दाखवली. पाणी अजून चार दिवसांआडच येतं.

सून सोनईची, खमकी. नोकरी गेली तशी ती पहाटेच्या एसटीनं नगरला एमआयडीसीत कामाला जाऊ लागली. अण्णा खुर्चीत येऊन बसायचे, पण चष्मा कपाळावर चढायचा नाही. मीच एकदा मुद्दाम म्हटलं, "अण्णा, नवीन मशीन घेतोय." "घ्या," एवढंच म्हणाले. मला फार वाईट वाटलं.

उन्हाळ्यात ते गेले. दशक्रियेची पत्रिका छापायला सूनच आली. मजकूर दिला आणि पिशवीतून घडीचा कागद काढला.

"काका, मामंजींच्या कोटात सापडलं. ही वळ त्यांनी खोडलेली हाय. माझ्यासाठीच खोडली आसंल ना? मग छापली कशी गेली?"

खालची टिंबं तिला शाईचे डाग वाटले असावेत. खरं सांगावं तर अण्णा तिच्या मनातून उतरणार. खोटं बोलावं तर अण्णांनाच ते चाललं नसतं.

"माझ्या हातून राहिली, पोरी," मी म्हणालो. "ते खोडूनच गेले होते."

"मला वाटलंच," ती म्हणाली. कागदाची घडी घालून तिनं पिशवीत ठेवली. "पत्रिका तरी नीट छापा. प्रूफ मी सोता बघनार."

आणि पंख्याखालच्या खुर्चीत जाऊन बसली.