सेलमधली दोरी

माझ्या नोकरीत 'मला असं वाटलं' हे वाक्य चालत नाही. मीटर काय दाखवतं ते सांगा, बाकी राहू द्या — हे मी कितीतरी लोकांना तोंडावर ऐकवलंय. भूत, बाधा, अमक्याला अमुक दिसलं... असल्या गोष्टी निघाल्या की मी उठून चहा टाकायला जाते. तुमच्या या ग्रुपवरचे अनुभवही आजवर करमणूक म्हणूनच वाचले. राग मानू नका. आज स्वतः लिहितेय, कारण ऑफिसात हे बोलता येत नाही आणि मनात ठेवून झोप लागत नाही.

मी वर्षा. मूळची साताऱ्याची, सध्या पोस्टिंग दिल्लीत, राहायला लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये. किरणोत्सर्गी पदार्थ जिथं जिथं वापरतात तिथं जाऊन सुरक्षेची तपासणी करायची हे माझं काम. अणुभट्टी म्हटलं की लोक घाबरतात, पण हेच पदार्थ साध्या कारखान्यांतही असतात आणि तिकडे कुणाचं लक्ष नसतं. नवरा म्हणतो, तू सरकारी खर्चानं लोकांना रागावतेस. बिल्कुल खरंय.

ही गोष्ट जानेवारीतली. दिल्लीहून उत्तरेला हायवेनं हरियाणाची हद्द ओलांडली की मोहरीच्या शेतांमध्ये एक नवा प्लांट आहे. नाव सांगणार नाही. सिरिंजा, हातमोजे, ऑपरेशनला लागणारं सामान तिथं कोबाल्टच्या किरणांनी निर्जंतुक करतात. मधोमध पुरुषभर जाडीच्या काँक्रीटच्या भिंतींची खोली, तिला सेल म्हणतात. आत खोल पाण्याची टाकी आणि तळाशी कोबाल्ट. माल आत आला की कोबाल्ट पाण्यातून वर उचलायचा, आणि खोकी कन्व्हेयरवरून त्याच्याभोवती फिरून बाहेर पडतात. कोबाल्ट पाण्यात असताना आत खुशाल फिरावं. वर असताना आत माणूस सापडला तर मात्र काही मिनिटं पुरतात. तो लगेच मरत नाही. स्वतःच्या पायांनी बाहेर येतो, उलट्या करतो, बरा झाल्यासारखाही वाटतो... आणि काही आठवड्यांत जातो.

म्हणून सेलच्या आतल्या भिंतीला कमरेच्या उंचीवर एक दोरी लावलेली असते, दारापासून पार टोकापर्यंत, कड्यांमधून ओवलेली. आत कुणी अडकलाच तर त्यानं ती ओढायची. कुठूनही ओढली तरी कोबाल्ट धाडकन पाण्यात खाली जातो. तो शेवटचा उपाय. त्यापुढं काही नाही.

त्या दिवशी माझ्याबरोबर मुलाणी सर होते. बार्शीचे, माझ्याहून सीनियर, शांत माणूस. बाहेर इतकं धुकं होतं की दुपार होत आली तरी गाडीचे दिवे चालूच होते. सरांनी कंट्रोल पॅनेल उघडलं आणि मला बोटानं दाखवलं. दोरीच्या स्विचला बाहेरून एक वायर जोडून तो निकामी केलेला होता. म्हणजे आत दोरी होती, पण ओढून काही होणार नव्हतं.

"भाटियाजी, ये क्या है?" मी मॅनेजरला विचारलं.

"मॅडम, मजबूरी है. दोरी बार-बार ट्रिप मारती थी. कोबाल्ट ऊपर, दरवाज़ा लॉक, अंदर कोई नहीं... फिर भी ट्रिप. पूरा माल अटक जाता है."

"खींचता कौन था?"

"यही तो बात है." तो हसला. "चूहा होगा, और क्या."

मुलाणी सर मला मराठीत हळूच म्हणाले, "कोबाल्ट वर असताना उंदीर? किती वेळ जगेल तो?"

मी म्हटलं, बोलण्यात वेळ नको, दोरी स्वतः तपासते. कुठं तरी कन्व्हेयरला घासत असणार. पॅनेलची किल्ली खिशात टाकली. ती किल्ली पॅनेलमध्ये नसली की कोबाल्ट वर येऊच शकत नाही. हातात किरणं मोजायचं मीटर घेतलं आणि आत गेले. सर बाहेर कॅमेऱ्याच्या स्क्रीनपाशी बसले.

दारापासून सेलपर्यंत वळणावळणाचा अरुंद बोळ असतो, किरण सरळ बाहेर येऊ नयेत म्हणून. मी डाव्या हातात दोरी धरून एकेक कडी बघत चालले होते. पंख्याची घरघर, तो नाकाला झोंबणारा ओझोनचा वास. मीटर शांत. सगळं रोजच्यासारखं.

दुसऱ्या वळणाच्या अलीकडे दोरीला हिसका बसला.

दाव्याला बांधलेल्या गाईनं मान झटकावी तसा. माझा हात पुढं ओढला गेला. मी थांबले. वाटलं, कुठल्या तरी कडीत अडकून सुटली असेल. तेवढ्यात परत. आणि परत. जोरात, घाईघाईनं, लागोपाठ. त्या ओढण्यात माणूस होता हो... यापेक्षा नीट मला सांगता येत नाही. दोरीच्या दुसऱ्या टोकाला यंत्र आहे की माणूस, हे हाताला कळतं.

"कौन है अंदर?" मी ओरडले. माझाच आवाज काँक्रीटवर आपटून परत आला.

तेव्हा मला वाटलं, खरंच कुणी कामगार आत राहिलाय. त्या विचारानं मी दोरी सोडली आणि पळतच सेलमध्ये गेले. आत कुणी नव्हतं. लपायलाही जागा नसते तिथं — टाकी, कन्व्हेयर, भिंती, बस. पाण्याच्या तळाशी कोबाल्टचा नेहमीचा निळा उजेड. आणि समोरच्या भिंतीवरची दोरी... ती भिंतीपासून हातभर बाहेर ओढली गेली होती. मधोमध कोन करून, ताठ. कुणीतरी दोन्ही हातांनी धरून मागं झुकावं तशी. सुटली. भिंतीवर आपटली. परत ओढली गेली.

मी बघत उभी राहिले. मीटर शांतच होतं.

मग ती जागा बदलायला लागली. या कडीपासून त्या कडीपर्यंत, मग पुढची कडी. कुणीतरी भिंत चाचपडत, जागोजागी दोरी ओढून बघत दाराकडे निघाल्यासारखी. माझ्या बाजूच्या भिंतीवर आली. मी कन्व्हेयरला पाठ टेकून इतकी मागं सरकले की त्याची पट्टी पाठीत रुतली. दोरी माझ्या पोटासमोर ताणली गेली, सुटली, आणि पुढं गेली... बोळात. म्हणजे आता ते जे काही होतं, ते माझ्या आणि दाराच्या मध्ये होतं.

वाट तेवढी एकच. तोंडात रामरक्षा येईना, काहीच येईना. दुसऱ्या भिंतीला अंग घासत मी त्या बोळातून निघाले. शेवटच्या वळणाशी दोरी माझ्या कोपरापासून वीतभर अंतरावर ताणलेली होती, थरथरत. तिथं हवा गार नव्हती, वेगळा वास नव्हता, कुणी श्वास घेत नव्हतं. काहीही नव्हतं. नुसती दोरी. मी धावले.

बाहेर आले तर मुलाणी सर खुर्चीतून उठत होते. "अगं, एवढ्या जोरात कशाला ओढत होतीस? कॅमेऱ्यात नुसती दोरी दिसत होती मला, तुटली असती ना!"

"सर, मी सोडली होती दोरी."

ते स्क्रीनकडे वळले. त्यावर रिकामा सेल दिसत होता आणि दोरी भिंतीला सरळ टेकलेली. सरांनी खुर्ची स्क्रीनपासून लांब ओढली आणि पाण्याची बाटली माझ्या हातात दिली.

प्लांट आम्ही तिथल्या तिथं बंद केला. कारण कागदोपत्री भक्कम होतं, दोरीचा स्विच निकामी केला होता. पण गाडीत बसल्यावर माझ्या डोक्यात दुसरंच आलं. वायर जोडून भाटियांनी फक्त ट्रिप होणं, म्हणजे कोबाल्टचं खाली जाणं, बंद केलं होतं. ओढणं थांबलंच नव्हतं.

घरी आले तर डाव्या तळहातावर लाल वळ. पोरगी इथंच वाढलेली, ती म्हणाली, "मम्मा, तू डर गयी है क्या?" एरवी मी टोकते, 'घाबरलीस का' म्हणायचं म्हणून. त्या दिवशी नुसतं हो म्हटलं.

महिन्याभरानं कंपनीनं दुरुस्ती झाल्याचं कळवलं. मला जायचं नव्हतं. पण सर म्हणाले, "तू नाही आलीस तर मला एकट्याला जावं लागेल." त्यांच्या आवाजावरून कळलं की तेही घाबरलेत. गेलो.

स्विच नीट जोडलेला होता. आता चाचणी. ऑपरेटर आत जाऊन, सगळं बघून बाहेर आला, दाराला कुलूप लागलं, भोंगा वाजला. कोबाल्ट उचलायला सुरुवात झाली आणि लगेच ट्रिपची घंटा घणघणली. पॅनेलवर लाल दिवा — दोरी. कोबाल्ट पाण्याबाहेर येण्याआधीच परत खाली गेला.

"देखा मॅडम?" भाटिया वैतागून म्हणाले. "फिर वही!"

पण सर स्क्रीनकडे बोट दाखवत होते. कन्व्हेयरच्या पलीकडे एक माणूस उभा होता. खराखुरा माणूस.

रामकिशन त्याचं नाव. चाळिशीचा, माल चढवणारा कंत्राटी कामगार. ऑपरेटर बाहेर पडल्यावर, अडकलेलं खोकं सोडवायला तो माल बाहेर येतो त्या तोंडातून आत शिरला होता. तिथला सेन्सर धुळीनं बंद पडलेला, त्यामुळे कुणाला कळलंच नाही. दोरी त्या क्षणी ओढली गेली नसती तर आज तो नसता. त्याला बाहेर आणलं तेव्हा त्याचे दात वाजत होते. नंतर रक्त तपासलं, सगळं ठीक निघालं.

मी त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हटलं, "अच्छा किया भैया, रस्सी खींच ली."

"मैंने नहीं खींची, मॅडम. भोंगा बजा तो मेरे पाँव जम गए. रस्सी तो उधर थी, मशीन के पार."

"फिर किसने?"

"उसने," तो सेलच्या दाराकडे बघत म्हणाला. "मेरी तरफ पीठ थी. मैं समझा ऑपरेटर है. मैंने आवाज़ दी..."

भाटिया मध्येच काही बोलणार होते. सरांनी हातानं थांबवलं.

मी विचारलं, "तुम्हें बचाने आया था?"

रामकिशननं मान हलवली. रडायलाच लागला तो. "नहीं मॅडम. उसने मुझे देखा भी नहीं. वो अपने लिए खींच रहा था."

मी खूप शोधलं. तो प्लांट नवा आहे, आधी तिथं शेत होतं. बांधकामात कुणी दगावलं नाही, चालू झाल्यापासून अपघात नाही. गावातल्या लोकांना विचारलं, तेही काही सांगू शकले नाहीत. रामकिशननं ते काम सोडलं. मुलाणी सरांनी बदली मागून घेतली. जाताना मला एवढंच म्हणाले, "वर्षा, त्या दोरीची तपासणी कधी चुकवू नकोस."

सेन्सर बदलला, जाळीचं नवं दार बसलं, सगळ्या चाचण्या पार पडल्या. नियमानं परवानगी अडवायला माझ्याकडे काही उरलं नाही. आत कुणीतरी आहे, हे मी कुठल्या कलमात बसवणार होते? प्लांट पुन्हा सुरू झाला. परवानगीवर सही माझी आहे.

याचा अर्थ मला लागलेला नाही, आणि आता लागेल असंही वाटत नाही. मला इतकंच माहितीये की सकाळी मी डबे भरत असते त्याच सुमाराला तिकडे भोंगा वाजतो आणि कोबाल्ट वर यायला लागतो. माझा हात थांबतो. पोळीवर तूप तसंच राहतं... आणि आतल्या त्या माणसाला आज दोरी वेळेवर सापडली असेल का, एवढंच डोक्यात फिरत राहतं.