वाचता येईल अशी एकच रेघ

आमदार होण्याआधी तिने अठरा वर्षे सरकारी दवाखान्यात परिचारिकेची नोकरी केली होती. चार निवडणुका जिंकल्यावरही सभागृहात सगळे तिला ‘सिस्टर’च म्हणत. विरोधकांचा तो टोमणा असे. तिने तो पदवीसारखा मिरवला. आता पक्षाचे अध्यक्षपद तिच्याकडे येणार, हे जवळजवळ ठरले होते. मतदान तीन दिवसांवर होते.

त्या सोमवारी तिने आरोग्यमंत्र्यांना धारेवर धरले. तिच्या मतदारसंघातल्या दवाखान्यात अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ऊब देणारी काचेची पेटी वर्षभर बंद आहे आणि तिथल्या डॉक्टरांनी साधी तक्रारही केलेली नाही, असे ती ठासून बोलली. मंत्र्यांना आयताच बळीचा बकरा सापडला. त्यांनी जागच्या जागी डॉक्टरांचे निलंबन जाहीर केले.

संध्याकाळी कागद लावताना डॉक्टरांचे पत्र तिच्या हाती लागले. आठ महिन्यांपूर्वीचे, तिलाच लिहिलेले. सोबत खात्याकडे केलेल्या तक्रारीची प्रत. तिनेच ते न वाचता रस्त्यांच्या फायलीत लावले होते.

मंगळवारी सकाळी भाषणाचा मसुदा दुरुस्तीसाठी आला. लघुलेखकांच्या टिपणावरून केलेला असा मसुदा प्रत्येक सदस्याकडे जातो. त्यात भाषेच्याच चुका सुधाराव्यात, असा नियम. अडचणीचे वाक्य गुपचूप गाळावे, असा रिवाज. पक्षाचा चिटणीस तिचा धाकटा दीरच. त्याने टोपण काढूनच पेन पुढे केले. झाकली मूठ सव्वा लाखाची. अध्यक्षपद हाती आले की डॉक्टरांचे बघू, असे त्याचे म्हणणे पडले.

“आणि तोवर त्या माणसानं तोंड कुठं दाखवायचं?”

“वहिनी, सगळेच गाळतात हो.”

“वॉर्डात चुकीची नोंद गिरबटत नाहीत, भाऊजी. वाचता येईल अशी एकच रेघ मारायची, शेजारी खरं लिहायचं आणि सही करायची. नाहीतर पुढच्या पाळीची बाई चुकीचं औषध देऊन बसते.”

मसुदा तिने एकही शब्द न बदलता परत पाठवला आणि अकरा वाजता खुलाशासाठी उभी राहिली. पत्र आपल्याच फायलीत होते, डॉक्टर निर्दोष आहेत, हे तिने दोन वाक्यांत सांगितले. सिस्टरांनी आज सुई स्वतःलाच टोचून घेतली, असे मंत्री म्हणाले. हशा ओसरू देऊन तिने तक्रारीची प्रत वाचली. त्या प्रतीवर, तक्रार पोहोचल्याचा, मंत्र्यांच्याच खात्याचा आवक क्रमांक होता. दुपारी निलंबन मागे घेतले गेले.

सारे सभागृह त्या वेळी उभे राहिले होते, असे कार्यकर्ते आजही सांगतात. इतिवृत्तात त्याला आधार नाही. तिथे ‘हशा’ दोनदा आहे, ‘गोंधळ’ एकदा. पक्षाच्या मतदानात ती पाच मतांनी पडली, याची नोंद मात्र पक्की आहे.

निकालानंतर दिराने विचारले, आता पुढे काय?

“पेटी अजून बंदच आहे ना?” ती म्हणाली आणि सभागृहात विचारायच्या प्रश्नाचा नवा अर्ज तिने पुढे ओढला.