पाठमोरे सर

गिटार शिकायला लागल्यावर पहिले तीन महिने मला सरांचा चेहरा कमी आणि कन्नमवार नगरातल्या त्यांच्या खोलीची भिंत जास्त दिसली. भिंतीवर एक कॅलेंडर होतं, एक रिकामा खिळा होता आणि खिळ्याखाली ओलीचा डाग होता. शिकायला आलेला प्रत्येक जण पहिली दहा मिनिटं त्या डागाकडे बघत उभा राहायचा. मागे सर वाजवायचे आणि मध्येच मुद्दाम चुकायचे. चूक ऐकू आली की हात वर करायचा. बोलायचं नाही, वळायचं नाही, फक्त हात. त्यावरून त्यांना सगळे पाठमोरे सर म्हणत. खरं तर पाठमोरे आम्ही असायचो, पण नाव पडलं त्यांना. नव्याने येणाऱ्यांना ते आडनावच वाटे. एकाने तर लग्नाच्या पत्रिकेवर ‘श्री. पाठमोरे सर, सहकुटुंब’ असं लिहून दिलं होतं. सर सहकुटुंब जेवूनही आले.

ते कुडाळकडचे. भांडुपला पत्र्याचे डबे बनवणारा एक लहान कारखाना होता, तिथे त्यांनी तीस वर्षं काढली. आता त्या जागी टॉवर आहे. आजूबाजूला यंत्रं धडधडत असताना डब्याला टिचकी मारायची आणि सांधा नीट बसलाय की नाही ते सांगायचं, हे त्यांचं काम. निवृत्तीनंतर गिटार शिकवायला लागले, पण टिचकी काही सुटली नाही. कलिंगड, दार, रिक्षाचा पत्रा, डॉक्टरांचं टेबल, समोर येईल ते वाजवून बघत. एकदा बँकेत काउंटरच्या काचेवर टिचकी मारली तर आतली बाई दचकून उभीच राहिली. “काच सैल आहे तुमची,” सर तिला म्हणाले. “सांगून ठेवलं.”

मी चिंता करणाऱ्यांतली. मुलुंडच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीला आहे आणि रक्ताच्या प्रत्येक नळीवरचं नाव तीनदा वाचते. घरातून निघाले की गॅस बंद केला का हे बघायला दोन मजले परत चढते. सव्विसाव्या वर्षी गिटारच्या क्लासला गेले तेही डॉक्टरांनी ‘मन रमवा कशात तरी’ असं सांगितलं म्हणून. सरांनी मला पहिल्याच आठवड्यात ओळखलं. भिंतीकडे तोंड करून उभी असताना चूक ऐकू यायची, हात अर्ध्यावर जायचा आणि तिथेच थांबायचा. खरंच चुकलं की मलाच वाटलं? “वर तरी कर, नायतर खाली तरी ठेव,” सर मागून ओरडायचे. “रिक्षा थांबवतंस काय गो?”

माझ्याकडे मावसभावाची जुनी गिटार होती. एका उन्हाळ्यात तिची मान वाकली. सरांनी तिला टिचकी मारली आणि म्हणाले, “हिचं झालं आता. नवीन घे.” त्यांना बोलायला काय जातंय. पुढचे तीन आठवडे माझ्या जिवाला घोर लागला. फोनवर बघावं तर एक जण ज्या गिटारला सोनं म्हणायचा तिलाच दुसरा लाकडाची फळी म्हणायचा. लॅबमध्ये डबा खाताना मी एका हाताने ते व्हिडिओ चाळत बसायचे आणि भाजी तशीच राहायची. शेवटी सरच वैतागले. “तो फोन ठेव आधी. व्हिडिओतली गिटार त्या माणसाची. तुझी घाटकोपरला दुकानात आहे. शनिवारी जाऊ.”

घाटकोपरला स्टेशनच्या पूर्वेला जिग्नेशभाईंचं दुकान होतं. सर आपल्या सगळ्या विद्यार्थ्यांना तिथेच न्यायचे आणि तिथेही नियम तोच. गिटार सर वाजवणार, घेणारा पाठमोरा उभा राहणार. “डोळ्यांनी घेतली की फसलास,” असं ते प्रत्येकाला सांगत. कुणी चकचकीत रंगावर भाळतो, कुणी नावावर. भिंतीला रंग आणि नाव दोन्ही नसतं. दुकानात भिंत म्हणजे तबल्यांचं कपाट होतं. मी त्याच्या काचेपुढे जाऊन उभी राहिले. काचेत मला माझाच घाबरलेला चेहरा दिसत होता, म्हणून मी नजर खाली केली.

सर प्रत्येक गिटार एकाच पद्धतीने तपासत. आधी टिचकी, मग चार कॉर्ड, मग पहिली, म्हणजे सगळ्यांत बारीक तार, मानेवरच्या एकेका पट्टीवर दाबत वरपर्यंत. पहिल्या गिटारला मी हात वर केला, ती घशातून बोलत होती. दुसरी बरी होती, पण सरांनीच नाक मुरडून बाजूला ठेवली असावी, कारण ती मध्येच थांबली. तिसरीच्या वेळी हात पुन्हा अर्ध्यावर लोंबकळला आणि जिग्नेशभाई हसले. चौथी सुरू झाली आणि मी खाली घातलेली मान वर केली. इतका भरलेला, गोड आवाज मी त्या दुकानात सोडाच, सरांच्या खोलीतही ऐकला नव्हता. सरही रमले. चारच्या जागी आठ कॉर्ड वाजवले. मग बारीक तारेवर आले. पाचवी पट्टी, सहावी, आणि सातवीवर तार झर्र करून खणखणली.

मी वाट बघितली. सर आता थांबतील, म्हणतील, “ऐकलंस?” ते थांबले नाहीत. आठवी, नववी, दहावी वाजवून पुन्हा खाली आले, आणि सातवी पुन्हा झर्र. सरांना ऐकू आलं नाही आणि मला आलं, असं कसं होईल? माझेच कान वाजत असणार. तरी राहवेना, म्हणून कधी न केलेली गोष्ट केली. मागे वळले.

सरांनी डोळे मिटले होते. गाल गिटारच्या कडेला चिकटवला होता, हनुवटी लाकडात रुतल्यासारखी, आणि चेहऱ्यावर माणूस झोपेत हसतो तसं हसू. तार झर्र करत होती आणि ते हसत होते. तेव्हा माझ्या डोक्यात एकेक गोष्ट जुळत गेली. ‘मोठ्याने बोल, घाबरट’ म्हणणं. बोलताना आमच्या ओठांकडे बघणं. वर्षभरापूर्वीपर्यंत ज्याला शिव्या द्यायचे तो तार जुळवायचा ट्यूनर गिटारच्या डोक्याला कायम लावून ठेवणं. आणि तो हात. हात दिसतो. ऐकावा लागत नाही.

सरांनी डोळे उघडले. मी वळलेय हे त्यांनी पाहिलं, पण रागावले नाहीत. “काय गो? हीच ना?” मग माझ्या तोंडाकडे नीट बघत त्यांनी विचारलं, “कुठे झर्र वगैरे नाही ना? खरा सांग.”

दुकानात आणखी एक गिऱ्हाईक होतं. जिग्नेशभाई माझ्याकडे बघत होते. ज्या माणसाच्या कानावर हे सगळे विश्वासून होते, त्याला मी सर्वांसमोर काय सांगणार होते? “नाही सर,” मी म्हणाले. “छान आहे.”

“सर बोलले म्हणजे फायनल,” असं म्हणत जिग्नेशभाईंनी गिटार पिशवीत घातली. पण त्यांनी माझ्याकडे पुन्हा बघितलं नाही.

त्यानंतरचे दोन महिने मी कसे काढले माझं मला माहीत. गिटार घरी आणली आणि सातव्या पट्टीकडे फिरकायचं बंद केलं. सरांनी वर जाणारी चाल दिली की मी बोट दुखतंय म्हणायचे. बोटाला बँडेडही लावून गेले एकदा. घोर गिटारचा नव्हताच. सरांना कळलं तर काय, हा होता. आणि त्याहून मोठा, की नाही कळलं तर सर असेच एकेकाला घेऊन त्या दुकानात जात राहणार आणि एक दिवस कुणीतरी तोंडावर हसेल. सांगावं म्हणून तीनदा ठरवलं. तिन्ही वेळा जिना चढले, सरांनी दार उघडलं, आणि मी बोटाबद्दल बोलून परत आले.

क्लासला सावंतकाकू यायच्या. पोस्टातून निवृत्त झालेल्या, भजनाला साथ करायची म्हणून बासष्टाव्या वर्षी गिटार शिकणाऱ्या. बोलायला फटकळ. एका रविवारी त्या भिंतीपुढे उभ्या होत्या आणि सरांनी हात लांब करून नेमकी माझी गिटार उचलली. सर वाजवत वर गेले आणि काकूंचा हात सटकन वर गेला.

“मी चुकलो नाही अजून,” सर म्हणाले.

“तुम्ही नाही हो. गिटार चुकली. डब्यात माशी अडकल्यासारखी वाजतेय.”

सरांनी पुन्हा वाजवलं. हात पुन्हा वर. मग त्यांनी ती पट्टी दाबून तार छेडली आणि तिची थरथर बघायला दुसऱ्या हाताचं बोट तिच्यावर अगदी अलगद टेकवलं. सरांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं, गिटार खाली ठेवली आणि काकूंना पुढचा धडा दिला.

क्लास सुटल्यावर त्यांनी मला थांबवलं. मला वाटलं होतं ओरडतील. ते हळू बोलले, आणि हळू बोलताना त्यांची मालवणी वर यायची. “दुकानात तुका ऐकू इलेला?”

मी मान हलवली.

“मगे माका खरा कित्याक नाय सांगलंस?”

“तुम्हाला वाईट वाटेल म्हणून.”

“अगो, माका आयकाक येना नाय म्हणून तर विचारलंय ना? येत असतं तर कशाला विचारलं असतं?” ते खिडकीकडे बघत राहिले. मग म्हणाले, आधी ही पद्धत तुमचे कान तयार व्हावेत म्हणून काढली होती. खोटं नव्हतं त्यात काही. नंतर कारखान्याने खाल्लेले कान हळूहळू गेले, आधी बारीक सूर, मग बरंचसं. पद्धत होतीच, ती कामाला आली. “तुमच्या हातांवर चाललंय माझं. हात खोटा झाला तर मी कुठे बघू?”

मी रडले. त्यांनी पाणी दिलं आणि तांब्याला सवयीने टिचकी मारली.

दुसऱ्याच दिवशी ते मला घेऊन घाटकोपरला गेले. दुकानात चार गिऱ्हाइकं होती. मी मनात म्हणत होते, जरा गर्दी कमी होऊ दे. सरांनी थांबायचं नाव घेतलं नाही. गिटार काउंटरवर ठेवून नेहमीच्या खणखणीत आवाजात म्हणाले, “जिग्नेशभाई, मला वरचं ऐकू येत नाही. कान गेलेत. यापुढे मी सांगेन ते लाकडाचं. तारेचं ही सांगेल.”

जिग्नेशभाई खाली बघत म्हणाले, “सर, मला पण आवाज आला होता त्या दिवशी. तुम्ही एवढे खूश होते, मी काय बोलणार?”

“गुणी माणसं सगळी,” सर म्हणाले. “वाट लावाल माझी.”

दोष फार मोठा नव्हता. सातवीच्या पुढची एक पट्टी केसभर वर आली होती. जिग्नेशभाईंचा कारागीर ती घासायला बसला आणि मी नखं खात उभी राहिले. घासून झाल्यावर सरांनी गिटार घेतली आणि मला कपाटाकडे बोट दाखवलं. मी पाठमोरी झाले. तार वर गेली, खाली आली. माझा हात खालीच होता.

“खरंच नाही?” सरांनी विचारलं.

मी मान हलवली. त्यांनी पुन्हा वाजवलं, पुन्हा विचारलं. असं तीनदा. माझी सवय त्यांना लागली होती आणि ती मीच लावली होती, याची मला अजून लाज वाटते. लाकूड मात्र त्यांनी हनुवटीला लागणाऱ्या थरथरीवरून बरोबर ओळखलं होतं. तशी गिटार मला परत कुठे ऐकायला मिळालेली नाही.

क्लास पुढे दोन वर्षं चालला. सरांनी कानाचं मशीन आणलं, पण त्यातून सगळं पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं ऐकू येतं म्हणून ते टीव्हीवर पडून राहिलं. माझ्यासारखे दोघे-तिघे सरांबरोबर दुकानात जायचे आणि घेणाऱ्याच्या बाजूला पाठमोरे उभे राहायचे. मग सरांच्या बायकोचे, काकींचे, गुडघे दुखायला लागले, गावचं घर रिकामंच होतं, आणि सरांनी खोली विकायला काढली.

निघायच्या आदल्या दिवशी मी भेटायला गेले. खोलीत खोकी रचलेली होती, कॅलेंडरही उतरवलेलं होतं. सरांची स्वतःची गिटार तेवढी बाहेर होती. “एक काम कर,” ते म्हणाले. “ट्यूनर कुठल्यातरी खोक्यात गेलाय. आणि ही आतून कशी झालीय मला माहीत नाही. गावाला सांगणारं कुणी नाही. उभी राहा.”

मी खिळ्याखालच्या डागापुढे उभी राहिले. सर वाजवायला लागले आणि दुसऱ्याच ओळीत मला ऐकू आलं. बारीक तार उतरली होती. शेवटचा दिवस होता, काकी दारात उभ्या होत्या, म्हातारा माणूस आपली गिटार वाजवत होता. मी हात वर केला. अर्ध्यावर नाही, पूर्ण.

सर थांबले. पुढे येऊन माझ्या तोंडाकडे बघत उभे राहिले. मी म्हणाले, “पहिली. थोडी चढवा.” त्यांनी मागे जाऊन खुंटी पिळली. मी पुन्हा हात वर केला. आणखी पिळली. मग मी हात खाली घेतला.

ते सुरुवातीपासून वाजवू लागले. सगळं सुरात होतं. ज्यातलं अर्धं त्यांना ऐकू येत नव्हतं ते सगळं मला ऐकू येत होतं, आणि उद्यापासून मला हे ऐकायला मिळणार नव्हतं. डोळ्यांतून पाणी वाहून हनुवटीपर्यंत आलं. मी ते पुसलं नाही. हात वर गेला असता तर सर थांबले असते.