चार अहिंसक कॅसेटी

आमच्या घरात व्हिडिओ गेम आला तो साबणामुळे.

त्या काळात घाटनांदूरच्या आमच्या किराणा दुकानात रोज काहीतरी नवं येऊन पडत होतं. आज शांपूची पुडी, उद्या चांदीच्या कागदातलं चॉकलेट, परवा झटपट शिजणाऱ्या शेवया (त्या परत करायला बायका पातेल्यासकट यायच्या!). त्यातच कुठल्याशा नव्या कंपनीचा अंगाचा साबण आला. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तो इतक्या हिरिरीनं खपवला की वर्षभर सगळं गाव एकाच वासाचं झालं होतं. शेवटी कंपनीचा माणूस जीप घेऊन आला, हार घातला आणि एक मोठं खोकं अप्पांच्या हातात दिलं.

खोक्यात मिक्सर असणार, याबद्दल कुणालाच शंका नव्हती. आईनं तर ओट्यावर त्याची जागाही करून ठेवली होती. खोकं उघडलं, तर आत पांढरा, चपटा डबा आणि वायरी लोंबणारे दोन रिमोट!

"हे काय हाय?" अप्पांनी विचारलं.

"व्हिडिओ गेम, अप्पा. टीव्हीला जोडायचा अन् खेळायचं."

"कुणी?"

"घरातल्या कुणीबी."

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. घरात रिकामा मीच होतो. लातूरला सहा महिने टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचा कोर्स करून मी नुकताच परत आलो होतो, आणि तेव्हापासून गावातला एकही रेडिओ दुरुस्त झालेला नव्हता.

"मन्मथ, तुला येतंय का रे हे?"

"लातूरला रोजच खेळायचो की!" मी म्हणालो. (खरं म्हणजे लातूरला एका मित्राच्या भावाला खेळताना मी पाहिलं होतं. एकदा. दारातून.)

झालं! मी घरातला तज्ज्ञ ठरलो. त्या डब्यात आपला असा खेळ एकही नव्हता. त्याच्या खाचेत तळहाताएवढी पिवळी कॅसेट खुपसायची, की त्या कॅसेटीतला खेळ टीव्हीवर सुरू. सोबत एक कुपन होतं : अंबाजोगाईच्या अमुक दुकानातून आपल्या पसंतीच्या चार कॅसेटी फुकट घ्याव्यात.

चार कॅसेटी निवडायला अर्धा तासही पुरला असता. पण त्याच आठवड्यात मध्यस्थ निरोप घेऊन आला. माझी धाकटी बहीण शिवकांता, तिला बघायला रविवारी पाटोद्याचे पाव्हणे येणार होते. मुलगा विश्वनाथ पुण्याला कंप्युटरच्या कंपनीत होता. स्थळ असं की अप्पांना दोन दिवस जेवण गोड लागेना!

अडचण एकच होती, मुलाचे वडील. महालिंगप्पांचं पाटोद्यात कापडाचं दुकान होतं आणि माणूस भलता कडक. "कपाळाला इभूत लावल्याबिगर पाणी पीत न्हाईत," मध्यस्थ म्हणाला. "मागं एका घरी पोरगी बघाया गेलते. भिंतीवर हरणाचं शिंग दिसलं, तर चहा न घेता उठले!"

अप्पांनी ताबडतोब आमच्या भिंती तपासल्या. कॅलेंडरवर एक मोर होता, पण तो जिवंत होता. मग अप्पांची नजर टीव्हीकडे गेली आणि डोळे चमकले.

"पोरगं कंप्युटरवालं हाय. आपल्याकडं हा डबा हाय. त्याला वाटलं पाहिजे, ही माणसं खेड्यात राहत्यात पण लई पुढारलेली हायत!"

"अन् बापाला?" आईनं विचारलं.

"बापाला वाटलं पाहिजे, पुढारलेली हायत पण सोवळी हायत!"

म्हणजे आमच्या घराण्याची सगळी ओळख आता चार कॅसेटींवर ठरणार होती! स्वयंपाकघरात बैठक बसली. आई म्हणाली, पत्ते नकोत, जुगार नको आणि अंगभर कपडे नसलेल्या बाया तर मुळीच नकोत. अप्पा म्हणाले, "मारामारी न्हाई. रगत न्हाई. त्या खेळात मुंगी मेली तरी मी खपवून घ्यायचो न्हाई!" शिवकांता पोळ्या लाटत होती. तिनं मान वर न करताच सांगितलं, "दादा, मोटारसायकलची तेवढी आण. बाकी काय बी आण."

शनिवारी मी अंबाजोगाईला गेलो. दुकानदार तोंडात सुपारी धरून बसला होता आणि त्याच्यामागे कॅसेटींची भिंतच्या भिंत! माझं काळीज असं उड्या मारायला लागलं की विचारू नका.

"कुणी मरत न्हाई असली कॅसेट दाखवा," मी म्हणालो.

दुकानदारानं सुपारी या गालातून त्या गालात नेली. "व्हिडिओ गेममंदी मारायचं न्हाई तर काय आरती करायची का?"

"आरतीची हाय का?" (एवढं नवनवं निघतंय, तर तेही निघालं असेल, असं मला वाटलं!)

त्यानं एकेक कॅसेट लावायला सुरुवात केली. पहिलीत दोन उघडेबंब पैलवान एकमेकांचे जबडे फोडत होते. बाद. दुसरीत विमानं बाँब टाकत होती. बाद. तिसरीत तळघरात डांबलेल्या राजकन्येला सोडवायचं होतं. इथवर ठीक, पण राजकन्येच्या अंगावरचं कापड महालिंगप्पांच्या दुकानात उरलेल्या तुकड्याएवढंच होतं. बाद! चौथीत पत्ते. पाचवीत रणगाडे. सहावीत साधासुधा माळी दिसला, म्हणून मी आनंदानं पुढं सरकलो, तर त्यानं खुरप्यानं उंदीर मारायला सुरुवात केली.

"घे की बे आता कुठलीबी!" दुकानदार वैतागला.

शेवटी तीन सापडल्या. मोटारसायकलच्या शर्यतीची. वरून पडणाऱ्या विटा रचायची. आणि एक अशी, की अस्वल टोपली घेऊन झाडाखाली उभं राहतं आणि पडणारी फळं झेलतं. संपूर्ण शाकाहारी! चौथी शोधणार, तेवढ्यात लाईट गेली. आता निवड फक्त वरच्या चित्रावरून. मी चाळत चाळत एका कॅसेटीवर थांबलो. चित्रात तळं होतं, तळ्यात कमळं होती, मागं डोंगर, आणि आभाळात पांढरीशुभ्र पाखरं उडत होती. इतकं शांत, सात्त्विक चित्र मी कुठल्याही कॅलेंडरवर पाहिलं नव्हतं.

"ही द्या!"

"हिच्यासंगं हेबी लागतंय," म्हणून त्यानं कागदात गुंडाळलेलं काहीतरी पिशवीत टाकलं. वायर असेल, असं समजून मी तज्ज्ञासारखी मान हलवली. घरी आलो, तर घाटनांदूरलाही लाईट नव्हती; कॅसेटी लावून बघायच्या राहूनच गेल्या.

रविवारी सकाळी अकराला पाव्हणे आले. "शरणार्थ, शरणार्थ" असा रामराम झाला. महालिंगप्पांच्या कपाळावर विभूतीचे तीन पट्टे असे ठसठशीत, की त्यांच्याकडे बघून मीच सरळ बसलो. त्यांच्याशेजारी त्यांच्या पत्नी, आणि टीव्हीच्या अगदी बाजूला विश्वनाथ. शिवकांता पोहे देऊन खाली मान घालून बसली. नाव झालं, शिक्षण झालं, भरतकाम झालं. मग अप्पांनी घसा साफ केला.

"आमच्याकडं बी कंप्युटर हाय."

विश्वनाथ एकदम सावरून बसला. "कुठला?"

"साबणाचा," अप्पा म्हणाले.

मी घाईघाईनं मोटारसायकलची कॅसेट खुपसली. टीव्हीवर नुसत्या आडव्या रेघा. मी कॅसेट काढून फुंकर मारली. रेघा. अप्पांनी फुंकर मारली. रेघा, आणि कॅसेटीत पोह्याचा एक दाणा! शेवटी विश्वनाथनं ती रुमालानं पुसून लावली आणि टीव्हीवर रस्ता उमटला. सगळ्यांच्या तोंडून "आहाहा!" निघालं. मी रिमोट घेतला.

"पडला," महालिंगप्पा म्हणाले.

मी मोटारसायकल उभी केली.

"परत पडला. कावून पडतोय ह्यो?"

"सवय न्हाई राहिली," मी पुटपुटलो.

"इकडं आण," शिवकांता म्हणाली. खाली घातलेली मान तिनं पहिल्यांदाच वर केली होती! तिनं रिमोट घेतला आणि ती मोटारसायकल अशी सुटली की आईनं डोक्यावरचा पदर दातात धरला. मग विश्वनाथची पाळी. तो पुढं गेला, वळणावर तोही पडला आणि मोकळेपणानं हसला. शिवकांताही हसली. अप्पा माझ्या मांडीला चिमटा काढून काढून आनंद व्यक्त करत होते.

विटांच्या खेळानं तर कमालच केली. मी चार विटा वाकड्यातिकड्या ठेवल्या असतील-नसतील, महालिंगप्पांच्या पत्नी ओरडल्या, "अवं, ती उभी घाला की! उभी! कडंला!" शेवटी त्यांना राहवेना. त्यांनी रिमोट घेतला, पाय पोटाशी ओढले आणि दुकानात लुगडी रचावीत तशा त्या विटा रचायला लागल्या. "लई झाक हाय ओ हे!" त्या म्हणाल्या. अस्वलाची फळं महालिंगप्पांनी स्वतः झेलली. कडक माणूस गुडघ्यावर उभा राहून "आंबा आला, आंबा आला!" करत होता! घरात असा जल्लोष, की शेजारच्या बायका खिडकीत जमल्या.

इथंच मी टीव्ही बंद केला असता, तर ही गोष्ट झालीच नसती.

"मन्मथ, आता ते निसर्गाचं लाव," अप्पा म्हणाले.

मी चौथी कॅसेट लावली. तळं आलं. कमळं आली. झुडपातून एक पांढरं पाखरू उडालं आणि डौलात निघून गेलं. मग दुसरं. महालिंगप्पांनी हात जोडले. "काय शांतता हाय!"

"खाली इंग्रजीत काहीतरी येतंय बघा," त्यांच्या पत्नी म्हणाल्या.

विश्वनाथनं वाचलं आणि अवघडून म्हणाला, "ह्याला... अजून एक वस्तू जोडायची असते."

"हाय की!" मी ऐटीत कागदाची गुंडाळी सोडली, आतल्या वस्तूची वायर डब्याला खुपसली आणि मग वस्तूकडे पाहिलं.

ती बंदूक होती.

काळी, लांब नळीची, चाप असलेली! खोली एकदम गार झाली. महालिंगप्पांनी आधी बंदुकीकडे पाहिलं, मग पाखरांकडे, मग माझ्याकडे.

"पाखरं मारायची?"

"न्हाई, न्हाई!" अप्पा किंचाळले. "ती गोफण हाय! हुरड्यावरची पाखरं हाकलायची नवी गोफण!"

"तळ्यात कुठला आला हुरडा?"

त्या गडबडीत विश्वनाथच्या हातातली पोह्याची बशी खाली पडली. तो वाकून पोहे गोळा करायला लागला. महालिंगप्पांनी उपरणं खांद्यावर टाकलं. उठण्याचंच लक्षण! अप्पांचा चेहरा पांढरा पडला आणि ते माझ्यावर खेकसले, "हाकलून दाखव की! नुसतं हाकलून दाखव!"

मी टीव्हीसमोर उभा राहिलो. आभाळाकडे धरावं म्हणून बंदूक वर केली, तर बोट चापावरच आवळलं गेलं. खट्! पाखरू मजेत उडून गेलं. घाबरून पुन्हा खट्! दुसरंही गेलं. खट्, खट्, खट्! पाखरांचा थवाच्या थवा माझ्या नळीसमोरून गेला, एकाच्या पंखालाही धक्का नाही! काही पाखरं तर, शपथ सांगतो, मुद्दाम सावकाश गेली.

महालिंगप्पा उभे राहून बघत होते. हळूहळू त्यांच्या कपाळावरचे तिन्ही पट्टे मऊ झाले.

"एकबी मेलं न्हाई," ते म्हणाले.

"मरतच न्हाईत आमच्याकडं!" अप्पा म्हणाले.

"ज्या घरच्या पोराच्या हातनं चित्रातलं पाखरूबी मरत न्हाई," महालिंगप्पा परत खाली बसले, "त्या घरची पोरगी आमाला पसंत हाय!"

काय तो गलका! आई देवघराकडे पळाली, अप्पांनी दुकानातली साखरेची बरणीच उचलून आणली, खिडकीतल्या बायकाही आत आल्या. शिवकांताला आईनं बाजूला घेऊन विचारलं, तर ती म्हणाली, "मोटारसायकल धड चालवता येत न्हाई त्यांना. पण शिकतील." आणि मी? घराण्याचा तारणहार! प्रत्येकाला सांगत होतो, की मी नेम मुद्दाम चुकवला. वडीलधाऱ्यांच्या भावना ओळखाव्या लागतात!

पाव्हणे निघाले तेव्हा विश्वनाथ अंगणात चपला घालता घालता माझ्या कानाशी आला.

"मन्मथराव, एक सांगू का? बशी पडली ना, तेव्हा मी बंदुकीची वायर उपसून ठेवली होती. म्हटलं, चुकून एखादं पाखरू पडलं तर बाबा उठून जायचे, आणि मला तर शिवकांता पसंत पडली होती."

क्षणभर मी खट्टू झालो. मग एकदम छाती फुगली. म्हणजे नेम माझा चुकलाच नव्हता! दोष वायरीचा होता!

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आईला आणि शिवकांताला टीव्हीसमोर बसवलं, विश्वनाथची सगळी हकीकत सांगितली, वायर सगळ्यांदेखत घट्ट खुपसली आणि बंदूक उचलली. या खेपेस चाप ओढला की टीव्हीवर धडाडधूम आवाज येत होता. मी उभ्यानं मारलं, बसून मारलं, एक डोळा मिटून मारलं, शेवटी नळी काचेला टेकवून मारलं. पाखरं निवांत डोंगरापलीकडे जात राहिली.

शिवकांता शेंगा सोलत बघत होती.

"दादा," ती म्हणाली, "पाटोद्याला पत्र लिहिलं तर एवढं कळव त्यांना, वायर काढायची काय बी गरज नव्हती."