पन्नास कॅलिबरचं गिऱ्हाईक

निवृत्त होऊन मला चार वर्षं झाली. नोकरीत तपासलेल्या चोऱ्यामाऱ्या बऱ्याचशा विसरलो. एका रायफलीची चौकशी मात्र मनातून जात नाही, आणि त्यात गुन्हा कुणी केलाच नव्हता.

मी टेक्ससमध्ये, शुगर लँडच्या जवळच्या एका छोट्या पोलीस ठाण्यात डिटेक्टिव्ह होतो. इथल्या मराठी मंडळींत पोलिसात गेलेला मी एकटाच. डॉक्टर-इंजिनिअरांच्या घोळक्यात लोक माझ्या आईला विचारायचे, "मग पुढे काय करणार आहे तो?" पण घरात काही विपरीत घडलं की हीच मंडळी ठाण्याला फोन न करता माझ्या खासगी नंबरवर करायची. ठाण्याला कळवलं तर दारात गाडी उभी राहते आणि चारचौघांत बोभाटा होतो, हे त्यामागचं कारण.

एका शनिवारी दुपारी असाच एका काकूंचा फोन आला. आवाज दबका होता. "अरे, हे बंदूक घेतायत. साधी नाही, मैलभर लांब मारणारी. किचनचं काम कॅन्सल केलं, इंडियाची तिकिटं कॅन्सल केली. कुणाला तरी चोरून मेल करतात, तेही खोट्या नावानं. आणि परवापासून धड जेवत नाहीत. तू पोलीस म्हणून नको येऊस, चहाला म्हणून ये."

आमच्या राज्यात प्रौढ माणसानं रायफल घेणं हा गुन्हा नाही. पण एकाहत्तर वर्षांचा माणूस, जेवण सुटलेलं आणि घरात शस्त्र येणार, हे ऐकल्यावर कुठलाही पोलीस घरी बसून राहत नाही. सार्जंटला कळवलं, नोंद केली आणि निघालो.

काका तेल कंपनीतून निवृत्त झालेले इंजिनिअर. कडक माणूस. मला बघून म्हणाले, "काय रे, आज इकडे कुठे?" आणि मी चक्क हवेबद्दल बोलायला लागलो. मग प्रॉपर्टी टॅक्स, मग त्यांचे गुडघे. दोन कप चहा झाला. समोर एखादा अमेरिकन म्हातारा असता तर जो प्रश्न मी पाचव्या मिनिटाला सरळ विचारला असता, तोच माझ्या तोंडून निघेना. लहानपणापासून ज्यांच्या पाया पडलो त्यांना असं कसं विचारायचं?

शेवटी मी म्हटलं, "काका, रायफल घेताय असं ऐकलं."

त्यांनी काकूंकडे एकदा रोखून पाहिलं आणि आत जाऊन जाडजूड फाइल आणली. केलेला अभ्यास इंजिनिअरला लपवता येत नाही. एका बाजूला पॉइंट थ्री थर्टी-एटची रायफल, दुसऱ्या बाजूला त्याहून जाड गोळीची फिफ्टी कॅलिबर. वजन, धक्का, दुर्बिणीची किंमत, सगळ्याचे तक्ते आखलेले. "फिफ्टी उचलायलाच दोन माणसं हवीत," ते म्हणाले. "एका गोळीच्या पैशांत एक जेवण होतं. आणि दुर्बिणीची किंमत रायफलीच्या वर. जुनी गाडी विकली तर जमेल कसंबसं."

बोलताना त्यांचा चेहरा उजळला होता, त्यामुळे मला थोडा धीर आला. तरीही विचारणं भाग होतं. मी म्हटलं, "काका, स्पष्ट विचारतो, रागावू नका. जीव द्यायचा विचार आहे का?"

काकूंनी पदर तोंडाला लावला. काकांनी फाइल मिटली.

"मरायला एवढे तक्ते कशाला लागतात?" ते म्हणाले. मग आवाज खाली आला. "कधी कधी नाही वाटत जगावंसं. खोटं कशाला बोलू? पण मेल आला की वाटतं."

"कुणाचा मेल?"

"दुकानातला. मोंटानातल्या."

काकूंच्या हातातला कप बशीवर आपटला. त्यांचा एकुलता एक मुलगा मोंटानात एका बंदुकांच्या दुकानात काम करत होता. सहा वर्षांपूर्वी त्यानं मेडिकल अर्ध्यावर सोडलं, तेव्हा काका त्याला "या घरात पुन्हा पाऊल टाकू नकोस" असं बोलून बसले होते. काकू त्याच्याशी वाढदिवसाला दोन मिनिटं बोलायच्या. काका तेवढंही नाही.

आणि हेच काका आठ महिने गिऱ्हाईक बनून, खोट्या नावानं, स्वतःच्या पोराला रायफलीबद्दल विचारत होते. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच. "किती नीट समजावतो," ते म्हणाले. "एकदाही कंटाळला नाही. सर, सर म्हणतो मला. पण विचारण्यासारखं सगळं विचारून संपलं. आता घेतली नाही तर मेल कशाचा करू?"

"मग जेवण का सोडलंत?" मी विचारलं.

त्यांनी फोन पुढे केला. गुरुवारचा मेल होता. पहिलीच ओळ अशी, की सर, ही रायफल तुम्ही घेऊ नये असं माझं मत आहे. "एवढंच वाचलं. कटवलं त्यानं मला," काका म्हणाले.

काकूंनी फोन ओढून घेतला आणि चष्मा सावरत पुढचं वाचायला लागल्या. वाचता वाचता थांबल्या. "अहो, तुम्ही याला खांद्याचं लिहिलं होतंत?"

"मी कशाला लिहू?"

"मग हे बघा. लिहितोय, शिडीवरून पडल्यापासून तुमचा उजवा खांदा वर जात नाही, हा धक्का त्याला सोसणार नाही. दिवाळीचा कंदील लावताना पडला होतात ना, तोच घेऊन गेला होता इमर्जन्सीत."

काकांनी फोन हातात घेतला. तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचली. पोरानं बापाला ओळखलं होतं. बहुधा मेलमधून पाठवलेल्या पहिल्याच तक्त्यावरून ओळखलं असेल, कारण तो शाळेत असताना काका असेच तक्ते आखून त्याचा अभ्यास घ्यायचे.

"लावा फोन," मी म्हटलं. तेव्हा माझा आवाज पोलिसाचाच होता.

पलीकडून मुलाच्या आवाजात दुकानाचं नाव ऐकू आलं. काका कसेबसे म्हणाले, "मग कुठली घेऊ?"

पलीकडे एक दार बंद झाल्याचा आवाज आला. मग मोडक्या मराठीत उत्तर आलं, "कुठलीच नको, बाबा. तुम्ही फक्त या."

काका लहान पोरासारखे रडले. काकू त्यांची पाठ चोळत राहिल्या आणि मधूनच "मेले दोघं सारखेच हट्टी" म्हणत होत्या. निघण्यापूर्वी मी डॉक्टरची अपॉइंटमेंट घ्यायला लावली. जगावंसं वाटत नाही हे एकदा कानावर आलं की फोन झाला म्हणून सोडून देता येत नाही. सार्जंटलाही तसंच कळवलं. महिनाभरात दोघं मोंटानाला गेले. रायफल घेतली नाही.

पंचवीस वर्षं मी लोकांना बोलतं करण्याचा पगार घेतला. तरी त्या घरात भिडेपायी दोन तास फुकट घालवले, याची मला आजही लाज वाटते. आपल्या माणसांना माया करायलाही निमित्त लागतं, आणि ते मिळेपर्यंत वर्षं निघून जातात. काकांना निदान रायफल सुचली.

त्या दुपारी गाडीत बसलो आणि चालू करण्याआधी डॅलसला मुलीला फोन लावला. ती कामात होती. "बाबा, एव्हरीथिंग ओके? काही काम होतं का?"

"नाही गं," मी म्हटलं. "काहीच काम नव्हतं."